जनगणनेत पणजोबांचे नाव सापडेल का? कुळाचा शोध घेणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारताच्या जुन्या जनगणनेत आमच्या घराची नोंद पाहता येते का?

नाही. जनगणना कायदा, १९४८ च्या कलम १५ नुसार प्रगणकाने भरलेले कोणतेही पुस्तक, रजिस्टर किंवा तक्ता पाहण्याचा हक्क कोणालाही नाही. दिवाणी दाव्यात त्यातली नोंद पुरावा म्हणूनही चालत नाही. ब्रिटनमध्ये १०० वर्षांनी आणि अमेरिकेत ७२ वर्षांनी तक्ते खुले होतात, तशी कोणतीही मुदत आपल्या कायद्यात घातलेली नाही. म्हणून "शंभर वर्षे झाली, आता तरी दाखवा" हा युक्तिवाद इथे लागू पडत नाही.

पण १८८१ किंवा १९३१ ची जनगणना तर या कायद्याच्या आधीची आहे?

तिथे अडचण कायद्याची नाही, कागदाची आहे. १८७२ मध्ये पहिली देशव्यापी मोजणी झाली, पण ती सगळीकडे एकाच वेळी झाली नव्हती. १८८१ पासून दर दहा वर्षांनी एका ठरलेल्या तारखेची शिरगणती सुरू झाली. घरोघरी भरलेल्या तक्त्यांवरून आकडे काढले, अहवाल छापले आणि तक्ते निकालात काढले. अगदी तुरळक अपवाद सोडले तर ते उरलेले नाहीत. त्यामुळे त्यांच्यासाठी माहिती अधिकारात अर्ज करण्यातही अर्थ नाही. कार्यालयात नसलेला कागद कोणी देऊ शकत नाही.

१९३१ बद्दल एक गैरसमज फार पसरला आहे. सगळ्या जातींचे आकडे छापलेली ती शेवटची जनगणना, म्हणून "१९३१ च्या जनगणनेतला आमचा दाखला काढून द्या" अशी मागणी होते. त्या ग्रंथांत जिल्ह्यात अमुक जातीची किती माणसे होती एवढेच आहे. व्यक्तीचे नाव एकही नाही. तसा "दाखला" काढून देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

१९५१ चे एक रजिस्टर मिळते असे ऐकले आहे. ते काय आहे?

ते नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर (एनआरसी). १९५१ च्या जनगणनेच्या चिठ्ठ्यांवरून गावोगाव ते उतरवून काढले होते. त्यात घरक्रमांक, नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, वय अशी माहिती असते, म्हणजे आपल्याला हव्या असलेल्या शिरगणतीच्या सर्वांत जवळचा कागद हाच. आसाममुळे त्याचे नाव सगळ्यांना माहीत झाले, पण ते फक्त आसामचे नव्हते. महाराष्ट्रात २०२३ पासून कुणबी नोंदी शोधताना जे कागद तपासायचे होते त्यांच्या यादीतही हे रजिस्टर होते. मात्र ते सगळीकडे टिकलेले नाही. तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात "सन १९५१ चे नागरिकांचे राष्ट्रीय रजिस्टर" असे पूर्ण नाव घेऊन विचारा. नुसते "जनगणनेचे रजिस्टर" म्हणालात तर "ते दाखवता येत नाही" हे उत्तर ठरलेले.

मग जनगणनेचे छापील ग्रंथ कुळाच्या शोधात काहीच कामाचे नाहीत?

कामाचे आहेत, आणि लोक तेच वगळतात. त्यांत नाव मिळणार नाही, पण नाव कुठे शोधायचे ते कळते.

१९५१ पासून जिल्हा जनगणना पुस्तिका निघू लागल्या. त्यांत तालुकावार गावांची यादी, प्रत्येक गावाची घरे आणि लोकसंख्या असते. जनगणना विभागाच्या संकेतस्थळावरील डिजिटल ग्रंथालयात जुने अहवाल आणि या पुस्तिका फुकट उतरवून घेता येतात. त्यांचा उपयोग तीन गोष्टींसाठी करा.

पहिली, गाव नक्की कोणते. एका जिल्ह्यात पिंपळगाव, वडगाव, नांदगाव नावाची पाच-सहा गावे सहज निघतात. आजीने सांगितलेले "वडगाव" कोणते, हे शेजारच्या गावांच्या नावांवरून यादीत पडताळता येते. यादीत गाव आहे पण वस्ती शून्य असेल तर ते बेचिराख गाव. त्याचे कागद शेजारच्या गावाच्या दप्तरात असण्याची शक्यता जास्त.

दुसरी, त्या काळी गाव कोणत्या तालुक्यात, जिल्ह्यात आणि राज्यात होते. सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीत होता. जालना १९८१ मध्ये औरंगाबादेतून, लातूर १९८२ मध्ये उस्मानाबादेतून आणि गडचिरोली त्याच वर्षी चंद्रपुरातून निघाला. नंदुरबार, वाशीम, हिंगोली, गोंदिया हे १९९८-९९ चे, तर पालघर २०१४ चा. नवा जिल्हा झाला म्हणून जुनी दप्तरे सगळीच हलली असे नाही. पुष्कळ वेळा ती जुन्या जिल्ह्याच्या अभिलेख कक्षातच राहिली आहेत. नव्या जिल्ह्यातून "आढळ होत नाही" असे उत्तर आले की लगेच जुन्या जिल्ह्यात विचारा.

तिसरी, कोणाची राजवट होती. मराठवाड्याची जनगणना हैदराबाद संस्थानाच्या खंडांत आहे, विदर्भाची मध्यप्रांत-वऱ्हाडात, बाकीची मुंबई इलाख्यात. कोल्हापूर, सांगली, औंध, भोर, सावंतवाडी, जंजिरा ही संस्थाने होती आणि त्यांची दप्तरे वेगळी. राजवट कळली की कागदाची लिपी, भाषा आणि सनही कळतो.

नावे प्रत्यक्षात कुठे सापडतात? सुरुवात कुठून करावी?

घरातल्या सर्वांत जुन्या शाळेच्या दाखल्यापासून. दाखला ज्या शाळेचा, तिथले जनरल रजिस्टर पाहा. त्यात मुलाचे पूर्ण नाव, जात, जन्मगाव, आधीची शाळा आणि शाळा सोडल्याचे कारण असते. जिल्हा परिषदेच्या जुन्या शाळांत एकोणिसाव्या शतकातली रजिस्टरेही आढळतात. जन्मतारखेवर मात्र विसंबू नका. वय बसावे म्हणून गुरुजींनी १ जून ही तारीख टाकलेली माणसे महाराष्ट्रात इतकी आहेत की त्या दिवशी निम्मे गाव वाढदिवस साजरा करते.

शाळेतून गाव आणि साधारण वर्ष हाती आले की जन्म-मृत्यूचे रजिस्टर, मग फेरफार (जमिनीवरचे नाव बदलल्याच्या नोंदी), अशा क्रमाने मागे जा. उलट क्रमाने, म्हणजे थेट पेशवे दफ्तरापासून सुरुवात करणारे बहुधा आपल्याच आडनावाच्या दुसऱ्या घराण्याची वंशावळ घेऊन परततात.

गाव नमुना १४ म्हणजे काय, आणि मागितल्यावर भलताच कागद का दाखवतात?

जुन्या पद्धतीत गाव नमुना १४ म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूची नोंदवही. विदर्भात हिला कोतवाल बुक म्हणतात. आजच्या गाव नमुन्यांत मात्र १४ क्रमांक पाणीपुरवठ्याच्या साधनांच्या नोंदीला आहे. म्हणून अर्जात "जुना गाव नमुना १४, जन्म-मृत्यू नोंदवही" असे स्पष्ट लिहा.

ही वही वाचताना काही गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. जन्माच्या नोंदीत बाळाचे नाव बहुधा नसते, कारण नोंद बारशाच्या आधीची. "बापाचे नाव, जात, मुलगा" एवढेच असते. म्हणून आजोबांच्या नावाने शोधू नका, पणजोबांच्या नावाने शोधा आणि भावंडांच्या जन्मांचा क्रम लावून कोणता जन्म कोणाचा ते ठरवा. मृत्यूच्या नोंदीत वय अंदाजाचे, ४०, ५०, ६० असे गोल आकड्यांत असते. दहा वर्षे इकडेतिकडे धरून चाला. कारणाच्या रकान्यात "ताप" हा शब्द सर्रास येतो, त्यावरून रोग ठरवू नये. पण १९१८ च्या ऑक्टोबरात एका घरातले दोघे-तिघे "तापा"ने गेलेले दिसले तर ती इन्फ्लुएंझाची साथ होती असे धरायला हरकत नाही. त्या महिन्यांची पाने इतर महिन्यांच्या मानाने किती भरलेली आहेत ते पाहिले की खात्री पटते.

पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते, म्हणून घरातल्या थोरल्या मुलाची नोंद बापाच्या गावी नसून आईच्या माहेरगावी असू शकते. वही चाळूनही थोरला सापडत नाही, धाकटे सगळे सापडतात, असे झाले तर पणजीचे माहेर शोधा.

सातबाऱ्यावर फक्त आजचीच नावे दिसतात. मागे कसे जायचे?

सातबारा हा आजचा फोटो आहे. मागे नेते ती फेरफार नोंदवही, म्हणजे गाव नमुना ६. सातबाऱ्यावर गोलात लिहिलेले आकडे हे फेरफार क्रमांक असतात. सर्वांत जुना क्रमांक घ्या, तो फेरफार काढा, त्यात उल्लेखलेला त्याआधीचा क्रमांक काढा, असे एकेक पायरी उतरत जा. वारसाच्या फेरफारात मयताचे नाव, मृत्यूची तारीख आणि वारसांची नावे, नाती व वये असतात. एका फेरफारात तीन पिढ्या मिळाल्याची उदाहरणे कमी नाहीत. मराठवाड्यात १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक हा भक्कम टप्पा आहे. कुळांसाठी, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणाऱ्यांसाठी, कुळ नोंदवही पाहावी.

स्कॅन केलेले जुने सातबारे आणि फेरफार महसूल विभागाच्या "आपले अभिलेख" संकेतस्थळावर खाते उघडून पाहता येतात. मात्र सर्व जिल्हे आणि सर्व गावे तिथे नाहीत, आणि गट नंबर टाकून काही मिळाले नाही तर जुना सर्व्हे नंबर टाकून पाहा. गटवारी झाली तेव्हा क्रमांक बदलले, आणि स्कॅन केलेला कागद जुन्या क्रमांकाचा असतो.

"बिन", "वल्द", "कोम" हे काय आहे? आणि आडनाव का नाही?

"रामा बिन शिवा" किंवा "रामा वल्द शिवा" म्हणजे शिवाचा मुलगा रामा. देशावर बिन, वऱ्हाड-मराठवाड्यात वल्द जास्त. "सखू कोम रामा" किंवा "सखू जवजे रामा" म्हणजे रामाची बायको सखू. भ्रतार म्हणजे नवरा. "अ. पा. क." हे अज्ञान पालनकर्ता, म्हणजे खातेदार अल्पवयीन होता आणि पुढचे नाव पालकाचे, बहुधा आईचे किंवा चुलत्याचे. "ए. कु. मॅ." म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर, अर्थात त्याच्यामागे इतर भाऊ आहेत जे कागदावर दिसत नाहीत. नवख्यांना हे ठाऊक नसते आणि एकाच भावाची शाखा धरून ते वंशावळ पूर्ण झाली असे समजतात.

आडनाव कित्येक जुन्या नोंदींत नसतेच. त्याऐवजी जात, धंदा किंवा "पाटील", "कुलकर्णी", "चौगुला" असे वतन लिहिलेले असते. आडनाव बदललेलेही असते: एका भावाने गावावरून घेतले, दुसऱ्याने वतनावरून. म्हणून आडनाव सोडा आणि तीन गोष्टी धरा: गाव, बापाचे नाव, जमिनीचा क्रमांक. या तिन्ही जुळल्या तर तेच घर.

घरातल्या बायका कुठेच सापडत नाहीत.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतरचे वारस फेरफार आधी पाहा. लग्न झालेल्या मुलींची नावे, सासरचे आडनाव आणि गाव तिथे मिळते. हक्कसोड पत्र झाले असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात त्यांच्या सह्या किंवा अंगठेही मिळतील. त्याआधीच्या काळात मुलगा नसलेल्या विधवा, अ. पा. क. म्हणून लागलेल्या आया, दत्तकपत्र करून देणाऱ्या बायका एवढ्याच दिसतात. दत्तकविधानाचा दस्त मात्र सोन्यासारखा असतो: दोन्ही घराण्यांची माहिती त्यात येते.

आमच्याकडे जमीनच नव्हती. मग?

तर शाळेचे रजिस्टर आणि नमुना १४ यांचे महत्त्व दुप्पट. जमीन दुसऱ्याची कसत असाल तर जुन्या सातबाऱ्याच्या "इतर हक्क" रकान्यात कुळ म्हणून नाव असू शकते. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनानंतर (कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले तो दिवस) जमीन खरेदीच्या किमतीची प्रकरणे चालली, त्यांच्या फायली तहसीलमध्ये असतात. महार वतनाच्या जमिनींची वेगळी नोंद आहे आणि वतनदारांच्या यादीत एकेका तक्षिमेच्या (वतनातल्या वाट्याच्या) खाली अनेक घरांची नावे येतात. ख्रिस्ती कुटुंबांनी चर्चच्या बाप्तिस्मा, विवाह व दफन नोंदी पाहाव्यात.

रजिस्टर मोडीत आहे. काय करू?

गावपातळीवर मोडी विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत चालली, त्यामुळे आजोबांच्या काळाच्या नोंदींतही ती भेटते. संपूर्ण पान वाचून घेण्याआधी आपल्याला हवी ती चार-पाच अक्षरे, म्हणजे पणजोबांचे नाव आणि गाव, मोडीत कशी दिसतात ते शिकून घ्या. मग पाने स्वतः चाळा आणि जुळलेली तेवढीच जाणकाराकडे न्या. नाहीतर प्रत्येक पानाचे पैसे मोजाल. लिप्यंतर करून घेताना मूळ ओळ, वहीचे वर्ष आणि पान क्रमांक लिहून मागा. सरकारी कामासाठी पुढे लागले तर पुराभिलेख विभागाच्या यादीतल्या मोडी जाणकाराची सही लागू शकते.

जुन्या कागदावरचा सन इसवी सनात कसा बदलायचा?

शकात ७८ मिळवा, पौष ते फाल्गुन असेल तर ७९. फसलीत, म्हणजे जुन्या महसुली सनात, ५९०, आणि इसवी वर्ष उलटल्यावरच्या महिन्यांत ५९१: फसली १३२० म्हणजे १९१०-११. पेशवेकालीन कागदांवर सुहूर सन अरबी शब्दांत लिहितात. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवावे. मराठवाड्यातली रजिस्टरे उर्दूत आणि फसलीत असतात. फसली १३३० पाहून तेराशे तीसचे कागद सापडल्याचा आनंद करून घेऊ नका, ते १९२०-२१ चे आहेत.

अर्ज कसा करावा? नकार आला तर?

आधी साधा नकलेचा अर्ज, कोर्ट फी स्टॅम्प लावून, अभिलेख कक्षाला. त्यात गाव, तालुका, रजिस्टरचे नाव, वर्षे आणि शोधायचे नाव. वर्षे पाच ते दहाच मागा. "१८८० ते १९५० सर्व नोंदी" असे लिहिले की अर्ज बाजूला पडतो. शक्य असेल तर आधी पाहणीची परवानगी घ्या आणि पान क्रमांक टिपून मग नक्कल मागा. पान जीर्ण आहे म्हणून झेरॉक्स नाकारतात, ते रास्तही असते. अशा वेळी फोटोची परवानगी किंवा हस्तलिखित प्रमाणित नक्कल मागावी. फोटो काढताना आधी वहीचे मुखपृष्ठ, मग पान क्रमांकासह पूर्ण पान, मग नोंद. मुखपृष्ठ राहिले की सहा महिन्यांनी गाव कोणते ते सांगता येत नाही.

तोंडी "नाही" स्वीकारू नका. "आढळ होत नाही" असे लेखी घ्या. त्यानंतर माहिती अधिकाराचा अर्ज: १० रुपये शुल्क, महाराष्ट्रात एकच विषय आणि साधारण १५० शब्दांची मर्यादा, ३० दिवसांत उत्तर, न आल्यास किंवा पटले नाही तर ३० दिवसांत पहिले अपील. "खासगी माहिती" म्हणून नाकारले तर कलम ८(३) दाखवा: २० वर्षांपूर्वीच्या घटनेच्या माहितीला खासगीपणाचा अपवाद लागत नाही. आजची जन्म-मृत्यू नोंदणी १९६९ च्या कायद्याखाली आहे. त्याच्या कलम १७ नुसार कोणीही शोध घेऊन उतारा मागू शकतो, फक्त मृत्यूचे कारण उताऱ्यात देत नाहीत.

अर्ज करण्याआधी जिल्ह्याचे सरकारी संकेतस्थळ पाहून घ्या. कुणबी नोंदींच्या शोधात सापडलेली पाने बऱ्याच जिल्ह्यांनी तालुका-गाववार तिथे टाकली आहेत. तुम्ही कुणबी असा वा नसा, त्याच पानावर शेजारच्या घरांच्याही नोंदी असतात.

तीर्थोपाध्यांच्या वह्या विश्वासार्ह असतात का?

नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया इथल्या उपाध्यांकडे गाव आणि आडनावानुसार नामावळ्या असतात. यात्रेकरूने स्वतः सांगून लिहवलेली नावे म्हणून बाप, आजोबा, भाऊ, मुले यांबाबत त्या चांगल्या. त्याहून वरच्या पिढ्या ऐकीव. लेखाखाली त्या माणसाची सही आणि यात्रेचे वर्ष असेल तर ती नोंद पक्की धरा. जाताना मूळ गाव, जात आणि आडनाव सांगता आले पाहिजे, कारण उपाध्ये त्यावरूनच ठरतात. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावर हिंदू तीर्थक्षेत्रांच्या वह्यांच्या प्रतिमा फुकट पाहता येतात, पण नावाने शोध फारसा चालत नाही. पाने चाळावी लागतात.

आमचे मूळ गोव्यातले आहे.

मग राजवट पोर्तुगीज. चर्चच्या नोंदी, पोर्तुगीज काळातली नागरी नोंदणी, नोटरीकडचे दस्त आणि गावकारीतील (गावची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेतील) गावकरांच्या याद्या पाहाव्या लागतात. जुने कागद पणजीच्या पुराभिलेख खात्यात. भाषा बहुतांशी पोर्तुगीज, गावकारीच्या काही कागदांत मराठी मोडी.

आमचे कोणी इंग्लंड-अमेरिकेत गेले होते. तिथे तरी नाव मिळेल?

तिथे खरोखर मिळते. इंग्लंड-वेल्सचे १८४१ ते १९२१ चे तक्ते खुले आहेत. १९२१ चे जानेवारी २०२२ मध्ये उघडले. १९३१ चे १९४२ मधील आगीत जळाले आणि १९४१ मध्ये युद्धामुळे जनगणनाच झाली नाही. ती पोकळी १९३९ चे रजिस्टर (युद्धाच्या सुरुवातीला केलेली रहिवाशांची नोंद) काही अंशी भरून काढते. रत्नागिरीकडचे खलाशी शोधत असाल तर बंदरात उभ्या जहाजांचे तक्ते वेगळे होते, ते पाहा. स्पेलिंग इतकी वेडीवाकडी असतात की नावाने शोधण्यापेक्षा जन्मस्थान "बॉम्बे" किंवा "इंडिया" टाकून शोधणे बरे.

अमेरिकेचे १९५० पर्यंतचे तक्ते खुले आहेत. १९६० चे एप्रिल २०३२ मध्ये उघडतील. १८९० चे जवळजवळ सगळे आगीत गेले. जनगणना हा दहा वर्षांतला एक क्षण असतो हे विसरू नका: आनंदीबाई जोशी १८८३ ते १८८६ या काळात अमेरिकेत होत्या, म्हणजे १८८० नंतर आल्या आणि १८९० आधी परतल्या. बहुतेक मराठी कुटुंबे १९६५ नंतर गेली, त्यांच्यासाठी १९७० चे तक्ते २०४२ मध्ये.

आणि मॉरिशस?

मॉरिशसच्या मराठी कुटुंबांसाठी जनगणनेपेक्षा गिरमिटियांची (करारावर नेलेल्या मजुरांची) रजिस्टरे कितीतरी चांगली. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत ती जपलेली आहेत. त्यांत गिरमिटियाचा क्रमांक, बापाचे नाव, वय, जात, गाव, जिल्हा आणि जहाज असते, आणि पुढच्या काळातल्या अनेकांचे फोटोही. शोधाची किल्ली तो क्रमांक आहे. घरातल्या जुन्या जन्म किंवा विवाह दाखल्यावर तो लिहिलेला सापडतो. गावाचे नाव कारकुनाने कानावर पडले तसे उतरवले आहे, म्हणून ते मोठ्याने वाचा, "रत्नागिरी" जिल्हा धरा आणि जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेतल्या गावांच्या यादीशी ताडून पाहा. जिल्हा रत्नागिरी आहे आणि गाव आजच्या सिंधुदुर्गात निघाले तर गोंधळू नका, तेव्हा तो एकच जिल्हा होता.